रेषेबाहेरचं लॉन

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर एक बाई तेरडा विकत बसली होती, आणि ते बघून मी जागीच थांबलो. तेरडा, आणि विकत. म्हणजे उद्या कुणी चिखल विकायला बसेल, परवा धुक्याच्या जुड्या बांधेल. भाद्रपदात आमच्याकडे तेरडा इतका माजतो की पायवाट सापडत नाही; बांधावर, पावसाळी पऱ्याच्या काठाला, ग्रामपंचायतीच्या बंद पडलेल्या संगणकखोलीच्या पत्र्यावरसुद्धा. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. गौरीच्या दिवशी मात्र त्याला मुळासकट उपटून, सुपात घालून, साडी नेसवून देवी करतात, आणि विसर्जन झालं की तो परत तण होतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण त्या तीन दिवसांची त्याची नोकरी पक्की असते. माझं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे आणि ते रोज संपल्यासारखं वाटतं. आज गौर यायची होती. बाईनं प्लास्टिकच्या कागदावर जुड्या मांडल्या होत्या, मुळांना चिखल तसाच, आणि पुढ्यात आमच्या माळेकोंडच्या दोन बायका पदर खोचून घासाघीस करत होत्या. माझ्या हातात वडापाव होता.

“मावशे, तेरडा कुठला?” मी विचारलं.

“घाटातला. आंबेनळीच्या वरचा.”

“आणि विकत कशाला?”

“मग काय करतील बाया? खालचा जळला ना रे. माळेकोंडच्या झऱ्यावर तर एक उभा नाय. माना मुरगळून पडलाय. रोग आलाय म्हनतात.”

“आणि गवत? गवत कसं आहे?”

“गवताला काय धाड भरलीय? हिरवंगार हाय. घे रे, शेवटच्या दोन जुड्या हायत.”

वडापाव हातातून पडला असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मी तो खाल्ला, वर चटणी मागून घेतली, कारण घाबरलो की मला भूक लागते. खाता खाता डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, रुंद पानाचा तेरडा मेला आणि बारीक पात्याचं गवत जगलं. असा निवडक रोग निसर्गात नसतो. असा रोग बाटलीत असतो. बाटलीवर हिरव्यागार लॉनचं चित्र असतं, आणि खाली लिहिलेलं असतं की हे औषध तण मारतं, तुमच्या लॉनला हात लावत नाही. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. पदवीचा हा पहिला उपयोग झाला, आणि तो होऊ नये असं मला फार वाटलं.

मी माळेकोंडचा पाणलोट रक्षक आहे, आणि गेला आठवडाभर तालुक्याच्या कागदांत अडकून झऱ्याकडे फिरकलो नव्हतो. डोंगराच्या ज्या उतारावर पडलेला पाऊस मुरून आमच्या झऱ्याला मिळतो, तो झऱ्याचा पाणलोट. आणि झऱ्याचं पाणी टाकीत, टाकीचं गावाच्या नळांना. त्या उतारावर मुंबईकरांनी बंगले बांधले, बंगल्यांपुढे लॉनं केली, लॉनांना औषधं आली, म्हणून गावानं नियम केला: रेषेच्या आत लॉनला, बागेला तणनाशक नाही, कीटकनाशक नाही, गोणीतलं खत नाही. मला एक टोपी मिळाली. मुंबईकरांशी दोन हात करायला मी सज्ज होतो, मनात वाक्यंसुद्धा पाठ केली होती, पण त्यांनी मला नीट भांडूसुद्धा दिलं नाही. पहिली नोटीस गेली तशी त्यांनी खरं लॉन उपटून प्लास्टिकचं अंथरलं. आता त्यांचे राखणदार सकाळी केरसुणीनं लॉन झाडतात आणि शनिवारी सर्फ लावून धुतात. सर्फबद्दल नियमात काही नाही, ते पुढच्या ग्रामसभेत येईल. तेव्हा उतारावर खऱ्या गवताचं लॉन एकच उरलं होतं, आणि ते ज्या घरापुढे आहे त्या घरात मी राहतो.

बाबांचं लॉन साधारण दोन कॅरम स्पर्धा बाजूबाजूला भरतील एवढं आहे. पाणलोटाची रेषा नेमकी त्याच्या मधून जाते. ती मीच आखली. रेषा शोधायची आमच्या समितीची पद्धत अशी की बादलीभर पाणी ओतायचं आणि ते कुठं पळतं ते बघायचं. झऱ्याकडे पळालं तर आत, मागे सावित्री नदीच्या बाजूला पळालं तर बाहेर. बाहेरच्या पाण्याची आम्ही काळजी करत नाही, सावित्रीची काळजी करायला वेगळं खातं आहे. आमच्या अंगणात बादली ओतली तर अर्धं पाणी इकडे गेलं, अर्धं तिकडे. मी दगडांना लाल ऑइलपेंट लावला. बाबांनी चष्मा लावून नियम तीनदा वाचला, नायलॉनची दोरी आणली, लाल दगडाला लाल दगड जोडला, आणि म्हणाले, “म्हणजे ह्या बाजूला गुन्हा, आणि त्या बाजूला बागकाम.” मी म्हणालो, “कागदावर तसंच आहे.” ते म्हणाले, “मग झालं.” तेव्हापासून दर पंधरवड्याला बाबा पाठीवर पंप बांधून दोरीपलीकडच्या अर्ध्या लॉनवर फवारतात आणि दोरीच्या आतलं तण हातानं उपटतात. एकाच माणसाचे एकाच सकाळी दोन कायदे. मी त्यांना कधी हटकलं नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होते, आणि नियमाप्रमाणे बरोबर असणं हा बाबांचा एकमेव छंद आहे, लॉन सोडलं तर.

स्टँडवर अजमल रिक्षा लावून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. अजमल महाडचा, शाळेत माझ्या बाकावर होता. आम्ही दोघांनी मिळून एकच भूमितीची पेटी वापरली. मी आत बसलो आणि म्हणालो, “माळेकोंड. लवकर.”

“काय पेटलंय?”

“झऱ्यावर औषध गेलंय. बायका आता तिथं गौर आणायला जातील. तोंडात पाणी भरतील.”

अजमलला सांगावं लागलं नाही. आमच्याकडे गौर मुकी येते. बायका झऱ्यावर जातात, तेरडा पुजतात, झऱ्याच्या पाण्याची चूळ तोंडात धरतात आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत ना बोलतात ना गिळतात. यंदा विकतचा तेरडा आधी झऱ्यावर न्यायचा, तिथं पुजायचा आणि तिथूनच उगवला असं समजायचं, एवढीच तडजोड असणार. गावात वर्षातला सर्वांत शांत तास तो असतो. पुरुष तेवढ्यासाठी घरी थांबतात.

“मग फोन लाव ना आईला.”

“गौर आणायला कोण फोन घेऊन जातं?”

“बरोबर,” अजमल म्हणाला आणि गिअर टाकला. जरा पुढं गेल्यावर म्हणाला, “काकांनीच मारलं असेल.”

“काका दोरीच्या बाहेर मारतात. ते पाणी झऱ्याला जातच नाही.”

“कोण सांगतो? मी परवा भाडं सोडायला आलो तर काका लॉनचा भांग पाडत होते. फणी घेऊन. खोटं नाय सांगत.”

“ती दाताळी असते.”

“असेल. पण लॉन एक नंबर झालंय हां. आधी कसं पाठीकडून कलंडल्यासारखं दिसायचं. म्हणून तर माती मागवली त्यांनी. माझ्या चुलत्याच्या ट्रॉलीतून मीच टाकली ना.”

मी म्हणालो, “कुठल्या बाजूला टाकली?”

“मागच्या. सावित्रीच्या. तीच बाजू खाली होती. काकांनी लेव्हलची बाटली लावली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत मला सोडला नाय. वर कडेला विटांचा कट्टा पण घातला, माती वाहू नये म्हणून. तू कुठं होतास तेव्हा?”

मी तेव्हा अलिबागला होतो. पाणलोट कसा राखावा याच्या प्रशिक्षणाला. परत आलो तेव्हा लॉन टेबलाच्या काचेसारखं सपाट झालं होतं आणि बाबा पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होते. मी म्हणालो, “छान दिसतंय.” ते म्हणाले, “हो ना?” त्या वर्षातला तो आमचा सर्वांत मोठा संवाद. आणि आता रिक्षा घाटाच्या रस्त्याला लागली, पावसाची झड आडवी आत आली, आणि मला दिसायला लागलं की मागची बाजू उंच झाली, कडेला कट्टा बसला, म्हणजे सावित्रीकडे जायचा दरवाजा बंद. आता त्या अख्ख्या लॉनवर पडलेला थेंब न् थेंब दोरीखालून सरपटत झऱ्याकडे जाणार. रेषा दगडांवर होती तिथंच होती. पाणलोट मात्र बाबांनी हलवला होता. सरकारला योजना आखून जे जमत नाही ते त्यांनी एका ट्रॉली मातीत आणि एका बुडबुड्यात केलं होतं, आणि वर नियम पाळत होते.

लहानपणी आम्ही बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचो. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. पाळी संपवून यायचे तेव्हा त्यांच्या नखांत त्या आठवड्याचा रंग असायचा. निळा आठवडा, नारिंगी आठवडा. मला वार कळायच्या आधी बाबांची नखं कळायची. वरणभातावर त्यांचं नारिंगी बोट फिरायचं आणि मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा रंगीत असतात, फक्त शेजारच्यांचे पुसट झालेत. ते बोलायचे नाहीत. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, ती सवय ते घरी आणत असावेत. एकदा मला गेटपर्यंत नेलं होतं. गेटच्या आत साहेबांच्या ऑफिसपुढे एक लॉन होतं, आणि त्याच्यात पाटी, ‘लॉनवरून चालू नये’. कामगार त्याला वळसा घालून जात. बाबा त्या लॉनकडे ज्या नजरेनं बघत होते, तशी मी त्यांची नजर नंतर एकदाच पाहिली, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा, आणि तेव्हाही जरा कमी. निवृत्त झाल्यावर गावी घर बांधलं आणि घराच्या आधी लॉन लावलं. त्यात तशीच पाटी आहे. बाबा स्वतःही त्याला वळसा घालूनच जातात. फवारताना तेवढे आत शिरतात, पंप पाठीवर, गमबूट, हातमोजे, अगदी ड्यूटीवर गेल्यासारखे. ते लॉन कसं मागायचं त्यांच्याकडून? मी ‘मीठ द्या’ एवढंसुद्धा त्यांना सरळ म्हणत नाही, आईकडून मागवतो.

रिक्षा चढावर धापा टाकत असतानाच बायका दिसल्या. झऱ्यावरून परत येत होत्या. पुढे आई, हातात सूप, सुपात तेरडा. मागे शेजारची दीप्तीवहिनी, मग बाकी सगळ्या, आणि सगळ्यांचे गाल फुगलेले. एरवी ज्यांचा आवाज पलीकडच्या डोंगरावर जातो अशा बायका पावसात एक अक्षर न बोलता चालल्या आहेत, हे दृश्य कुणालाही हात जोडायला लावेल. मी रिक्षातून उडी मारली आणि रस्त्यात आडवा झालो. जागा नेमकी आमच्या फाटकासमोरची निघाली.

“थुंका!” मी ओरडलो.

कुणी थुंकलं नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं. आईचे डोळे एरवीही बोलतात, पण आज तोंडाचं कामही त्यांच्याकडेच होतं. गौरीचं पाणी वाटेत थुंकणं म्हणजे माहेराला आलेल्या मुलीला फाटकातून परत पाठवणं. मला नीट कारण सांगायला हवं होतं. कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं, दोन अक्षरी होतं, आणि तेच बाहेर येईना. मी म्हणालो, “पाणलोट क्षेत्रात तणनाशकाची फवारणी झाली असल्याची शक्यता नाकारता येत नाही.”

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. दीप्तीवहिनीनं पुरी लाटता येईल एवढा कपाळावर आठ्यांचा गोळा केला.

“पाण्यात विष असेल,” मी म्हणालो. “असेलच असं नाही. किती असेल सांगता येत नाही. पण तेरडा त्यानंच मेलाय.”

बाबा पायरीवरून उठून फाटकाशी आले. हातात छत्री, पायात गमबूट. “काय चाललंय? वाट सोड त्यांची.”

“बाबा, लॉनचं पाणी झऱ्याला जातंय.”

“शक्य नाही. दोरी बघ. दोरीच्या आत माझा एक थेंब नाही. तुझीच रेषा आहे.”

“रेषा आहे हो. उतार कुठं आहे?”

मी पागोळीखालची भरलेली बादली उचलली आणि रेषा आखल्यानंतर पहिल्यांदा त्या लॉनवर पाय ठेवला. चपलेसकट. बाबांच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मी मागच्या कट्ट्यापर्यंत गेलो आणि बादली ओतली. पाणी क्षणभर कट्ट्याशी थांबलं, विचार केल्यासारखं. मग वळलं. गवताच्या पात्यांतून, अगदी सावकाश, दोरीपर्यंत आलं, दोरीखालून आत गेलं, लाल दगडाला वळसा घातला, आणि पायरीच्या कडेनं फाटकाबाहेर, बायकांच्या पावलांमधून रस्ता ओलांडून झऱ्याच्या वाटेला लागलं. फुगलेल्या गालांच्या सगळ्या माना त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे फिरल्या. बाबांचीही फिरली. ते बराच वेळ त्या ओघळाकडे बघत होते. एक बुडबुडा बरोबर मध्ये आणायला त्यांना संध्याकाळ लागली होती.

मग आई थुंकली. तिच्यामागे सगळ्या थुंकल्या. नुसत्या थुंकल्या नाहीत, पावसाच्या पाण्यानं खळखळून चुळा भरल्या, आणि आमच्या फाटकाबाहेर वर्षातला सर्वांत शांत तास मुदतीआधी संपला.

“अगो, माझी नात कालपासून तेच पानी पितेय!”

“तरी म्हटलं, तेरड्याला कुठला आलाय रोग!”

“टाकी बंद कर रे आमोद, उभा काय राहिलास?”

टाकी बंद करायचा अधिकार मला नव्हता. नियमातच तसं आहे, आणि नियम वाचणारा मी गावातला दुसरा माणूस. पाणलोटात दोष झाला तर गावातल्या कुणीतरी रक्षकासमोर दोषी माणसाचं नाव तोंडानं घेऊन तक्रार करायची. मग टाकी बंद, मग तालुक्याहून टँकर. आणि स्वतःच्या घरातल्या माणसाविरुद्ध रक्षकाची तक्रार चालत नाही. हे कलम मी सुचवलं होतं, निःपक्षपाती दिसावं म्हणून. मी ते सांगितलं. एकदम शांतता झाली. आता तर तोंडात पाणीही नव्हतं. सगळ्यांना नाव माहीत होतं, नावाचा माणूस छत्री धरून समोर उभा होता, आणि गौरीच्या दिवशी वयानं मोठ्या माणसाचं नाव घ्यायला एक जण पुढं येईना. अजमल रिक्षातून म्हणाला, “मी घेतो.” मी म्हणालो, “तू महाडचा. चालत नाही.” मी रेषा आखली होती, बादली ओतली होती, आणि आता ज्या एका शब्दावर गावाचं पाणी अडलं होतं तो माझ्या तोंडात असून नसल्यासारखा होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. कायद्यानंच माझं तोंड धरलं होतं.

दीप्तीवहिनी म्हणाली, “काकू, मग तुम्हीच घ्या नाव.”

कुणीतरी फिसकन हसलं. आईनं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बाबांचं नाव सरळ कधी घेतलेलं नाही. रेशन दुकानात विचारलं तर ती माझ्याकडे बोट करते. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, हळदीकुंकवाला, नाहीतर गौरीला. आणि आज गौर होती.

“घ्या ना, काकू. नाव घ्या, नाव घ्या,” सगळ्या म्हणू लागल्या, आधी मस्करीत, मग मस्करी सोडून.

आईनं सूप दीप्तीवहिनीकडे दिलं. पदर सारखा केला. बाबांकडे पाहिलं नाही. तसा रिवाजच आहे.

“दारी थांबली गौराई, तेरडा कुठं मिळत नाही,
कमलाकररावांनी मारलं औषध, सांगायला मी भीत नाही.”

टाळ्या वाजल्या. सवयीनं वाजल्या असाव्यात, कारण लगेच थांबल्या. पाऊस पडत राहिला. बाबांचे कान लाल झाले होते, लग्नाच्या फोटोत आहेत तसे. त्यांनी छत्री मिटली, भिंतीला टेकवली आणि मला म्हणाले, “टाकीचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरव. जोर लावू नकोस, आटे जुने आहेत. आणि टँकरला फोन कर.” पाळी दुसऱ्याच्या हाती देताना सांगतात तसं. मग खोऱ्यानं ते मागच्या कट्ट्याच्या विटा पाडायला लागले. लॉनच्या मधून चालत गेले. वळसा घातला नाही.

व्हॉल्व्ह बंद करून मी आलो तर वेगळाच वाद पेटला होता. मौन मोडलं, चूळ थुंकली, म्हणजे ही गौर गेली. आता सुपातला तेरडा नुसता पाला. नवी आणायला हवी, मुहूर्त संध्याकाळपर्यंत होता. पण एकदा वाटेतून परतलेल्या हातांनी पुन्हा आणायची नाही, असं सर्वांत म्हाताऱ्या आजीनं सांगितलं. ते तिनं त्याच मिनिटाला रचलं असावं, पण विरोध कोण करणार? “ज्यानं मारलान, त्यानंच आणावी,” ती म्हणाली.

“पुरुषानं?” दीप्तीवहिनी म्हणाली.

“पुरुषाला हात नसतात काय गो? औषध मारताना होते ना?”

आई घरात गेली आणि महाडहून आणलेली पाण्याची सीलबंद बाटली घेऊन आली. सील तिनं सगळ्यांसमोर फोडलं. आधी बाबांना चूळ दिली, मग मला. “घाटात जायचं. मूळ तुटता कामा नये, नाहीतर गौर लंगडी येते. आणि दोघांनीही बोलायचं नाही,” ती म्हणाली. ही अट आम्हाला कुणी कधी घालावी लागेल असं वाटलं नव्हतं.

बाबांनी स्कूटर काढली. मी मागे बसलो, मांडीवर सूप. आंबेनळीच्या वळणांवर ढग रस्त्यावर उतरले होते, समोरून येणारे पर्यटक गाल फुगवलेल्या आम्हा दोघांकडे काचा खाली करून बघत होते, एकानं फोटो काढला. वरच्या एका वळणावर कातळाला लागून तेरडाच तेरडा होता, गुलाबी, कमरेएवढा, कुणी न लावलेला. बाबा उतरले. हातमोजे नव्हते. त्यांनी एका रोपाच्या बुंध्याशी दोन बोटं खुपसली, माती जरा सैल केली, रोप किंचित फिरवलं आणि अलगद वर घेतलं. एकही तंतू तुटला नाही. मग दुसरं. मग तिसरं. माळेकोंडात तेरडा मुळासकट उपटायचा एवढा सराव दुसऱ्या कुणाला असणार? मीही एक ओढून बघितला, तो मध्येच तुटला. बाबांनी माझा हात धरला, माझी बोटं मातीत बरोबर कुठं घालायची ते दाखवलं, आणि वाट बघत थांबले. त्यांच्या नखांत काळा चिखल होता. मला सांगायचं होतं की कलम नसतं तर तक्रार मी केली असती का, ते मला माहीत नाही, पण लॉन खरंच छान दिसत होतं. तोंडात पाणी होतं. रोप हळूहळू सैल झालं, आणि सबंध वर आलं.